सहाव्या महिन्याचा आकडा

रद्दीच्या गोदामात काट्यावर बसणाऱ्या बाईला सगळे काटेताई म्हणत. तिचं खरं नाव ठाऊक होतं ते फक्त हजेरीच्या वहीला. एकोणीस वर्षं ती एकाच काट्याजवळ, एकाच लोखंडी खुर्चीत बसत आली होती, आणि या एकोणीस वर्षांत वजनाच्या बाबतीत तिच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नव्हती.

काटा म्हणजे जमिनीलगत बसवलेला लोखंडी चौथरा, दाराच्या फळीएवढा. त्यावर एक टनापर्यंत काय हवं ते ठेवा, भिंतीवरच्या काळ्या डब्यात लाल आकडे उमटायचे. वर्षातून एकदा वजनमापांचा अधिकारी यायचा, काटा तपासून शिक्का मारायचा आणि दर वेळी म्हणायचा, "बाई, तुमच्याकडे यायचा कंटाळा येतो. काही सापडतच नाही." याहून मोठी शाबासकी तिला ठाऊक नव्हती.

या धंद्याची एक रीत आहे. रद्दी हवेतली ओल पिते, आणि पाण्याला कागदाचा भाव द्यायला कोणी बसलेलं नाही. म्हणून काट्यावर जो आकडा दिसेल त्यातून शेकडा चार किलो घट मनातल्या मनात वजा करायची आणि उरलेला आकडा मोठ्याने सांगायचा. कच्चा आकडा तोंडातून काढायचा नाही, कागदावर तर मुळीच आणायचा नाही. एका मालाचे दोन आकडे झाले की दिवसभर भांडणं. नवा हमाल आला की काटेताई त्याच्याकडून ही रीत अशी घोटून घ्यायची की महिन्याभरात त्या बिचाऱ्याला घट न कापलेला आकडा दिसायचाच बंद व्हायचा. म्हातारा मुकादम तर तिचा पट्टशिष्य. ती रजेवर असली की काटा त्याच्या हवाली.

एवढ्या जगाचं वजन केलं तिने, पण स्वतः त्या चौथऱ्यावर कधी पाऊल ठेवलं नाही. मालकाच्या केबिनमधून खुर्चीकडे जाताना काटा वाटेत यायचा. बाकी सगळे त्याच्यावरून बिनदिक्कत चालत जायचे. ही मात्र गठ्ठ्यांच्या कडेने, दम लागला तरी, वळसा घालून जायची. तो काळा डबा कोणाचीही भीड ठेवत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

काटेताईचा देह मोठा होता. लपवायची सोय नव्हती आणि लपवायला जागाही नव्हती, असं ती स्वतःच म्हणायची, म्हणजे दुसऱ्याला म्हणायची संधी उरत नाही. नवरा शिंपी, अंगाने काडी पहिलवान. "माझ्या दोन सदऱ्यांच्या कापडात हिची एक बाही बसते," असं तो म्हणाला की पहिल्यांदा तीच हसायची. पण दुकानात गिऱ्हाइकांची मापं खणखणीत आवाजात सांगून लिहून घेणारा हा माणूस बायकोचं माप घेताना मूग गिळून बसायचा. टेप गुंडाळायचा, आकडा मनात ठेवायचा, आणि कापायला घ्यायचा. त्याच्या त्या गप्प बसण्यासाठी ती त्याला त्याचे सगळे आगाऊ विनोद माफ करत आली होती.

पण गेल्या दोन वर्षांत हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. गुडघे बोलायला लागले होते. आडवं पडलं की श्वास अडकायचा, म्हणून ती खुर्चीत बसून झोपायची, आणि मधूनच श्वास थांबला की नवरा हलवून जागं करायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि सरळ सांगितलं.

"पोटाचं ऑपरेशन करावं लागेल. आणि आणखी एक वर्ष असंच काढू नका. तुमचं शरीर आता थकलंय."

"आम्हाला कुठून झेपणार ते?" शिंप्याने विचारलं.

"तुमचं सरकारी विम्याचं कार्ड आहे ना? विम्यात बसतं. फक्त त्यांच्या अटी पाळा."

अट सोपी होती, म्हणजे कागदावर. सलग सहा महिने दवाखान्यात यायचं, आहाराचा सल्ला घ्यायचा, सांगितलेल्या तपासण्या करायच्या, आणि दर महिन्याला वजनाची नोंद करायची. सहा नोंदी सलग भरल्या की अर्ज मंजुरीला जातो. मधला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी मोजणी पुन्हा एकपासून.

काटेताईला ती अट आवडली. नोंदी सलग हव्यात, यात काय चूक? तीही हेच करत आली होती.

ती दर महिन्याला जाऊ लागली. वजनाच्या वेळी डोळे मिटून घ्यायची, सिस्टर आकडा लिहून घ्यायची. तिसऱ्या महिन्यात हृदयाची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत एका तरुण मुलीने तिच्या छातीवर थंडगार काहीतरी फिरवलं आणि पडदा तिच्याकडे वळवून म्हणाली, "ते बघा, तुमचं हृदय."

राखाडी रंगाची एक मूठ उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती. काटेताई आ वासून बघत राहिली.

"हे कधीपासून चाललंय?"

"तुम्ही जन्मायच्या आधीपासून," मुलगी हसली.

"मध्ये सुट्टी नाही?"

"एकही नाही. आणि तुमच्या हृदयाला काम जास्त आहे हो, मावशी. तरी बघा कसं इमानाने करतंय."

त्या दिवशी घरी येऊन तिने नवऱ्याला ते किमान चार वेळा सांगितलं. आपल्या आत कोणीतरी एवढं राबतंय आणि आपण इतकी वर्षं स्वतःला आळशी समजत होतो, याचं तिला नवल वाटत राहिलं. आरशासमोरून जाताना ती एकदा थांबलीसुद्धा.

पाच महिने असे सुरळीत गेले. सहाव्या महिन्यात दवाखान्यातला मोठा वजनकाटा बिघडला.

"दुसरा आहे ना, तो बघा," काटेताई म्हणाली.

दुसरा होता, पण तो दीडशेपर्यंतचा. ती वर उभी राहिली तशी त्यावर आडव्या रेघा आल्या आणि यंत्र केविलवाणं ओरडायला लागलं. ओळीत बसलेल्या दोन बायांनी माना वळवल्या. काटेताई उतरली. तिचे कान गरम झाले होते.

"मोठा दुरुस्त कधी होईल?"

"लिहून पाठवलंय," सिस्टर म्हणाली. सरकारी दवाखान्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. "आणि महिना परवा संपतोय. रकाना रिकामा सोडला तर पुन्हा पहिल्यापासून सहा महिने, ताई."

काटेताई मनात मोजू लागली. सहा महिने, आणि पुढे मंजुरी, आणि पुढे ऑपरेशनची रांग. डॉक्टरीणबाईंनी तर वर्ष काढू नका म्हणून सांगितलं होतं.

सिस्टर विचार करत म्हणाली, "शिक्का मारलेला कुठलाही काटा चालतो. पावती हवी, वजन करणाऱ्याची सही हवी. पण सही तुमची स्वतःची चालणार नाही हं. असा मोठा काटा कुठे मिळेल तुम्हाला?"

यावर काटेताईला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत हमाल बाहेर गेले तेव्हा तिने मुकादमाला थांबवून घेतलं. मुकादम साठीचा, मान आखूड आणि खांदे रुंद, चाळीस वर्षं पाठीवरून गठ्ठे वाहिलेला. तिने त्याला काय हवंय ते सांगितलं. त्याने नुसती मान हलवली आणि गोदामाचं दार लोटून घेतलं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती चौथऱ्यावर चढली. डब्याकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून उभी राहिली. दिवसाला दोनशे आकडे वाचणाऱ्या बाईला तो एक आकडा बघवत नव्हता. मागे मुकादम काहीच बोलत नव्हता. पेनचा आवाज नाही, खाकरणं नाही, काही नाही. हा हसतोय का, कीव करतोय का, तिला समजेना. इतका वेळ? मग एकदाची पावती फाडल्याचा आवाज आला. त्याने कागदाची चार घड्यांची पुडी करून तिच्या हातात दिली, आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

"किती?" घरी शिंप्याने विचारलं.

"घडी उघडली नाही. उद्या सिस्टर उघडेल," ती म्हणाली.

महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी सिस्टरने पुडी उघडली आणि तिचा चेहरा खुलला. तिने आकडा टाइप केला, बटण दाबलं, आणि म्हणाली, "अहो ताई! अभिनंदन! मागच्या महिन्यात एकशे एकोणसत्तर होतात, आता एकशे एकसष्ट. आठ किलो उतरवलेत की!"

काटेताईच्या डोळ्यांसमोर क्षणभर लख्ख प्रकाश पडला. आठ किलो! भात कमी केला, गोड सोडलं, रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. आठ किलो! तेवढ्यात तिच्या डोक्यातल्या काट्यावरच्या बाईने, तिला कोणी विचारलंही नव्हतं तरी, एकशे एकसष्ट हा आकडा उचलून उलटा करून बघितला. एकशे अडुसष्टाला शेकडा चार किती? पावणेसात. वजा केले की एकशे एकसष्ट.

मुकादमाने घट कापली होती.

त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना दुसरं काही दिसलंच नसणार. तिनेच शिकवलं होतं त्याला, घोटून घोटून.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "हा आकडा चुकलाय." आणि तिने ओल, घट, शेकडा चार, सगळं सांगितलं.

सिस्टरने आधी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "ताई, गप्प बसा ना. नोंद गेली. रकाना भरला. वजन उतरलेलं दिसतंय, कोण तक्रार करणार आहे? आता बदलायचं म्हटलं तर माझ्या हातात नाही. विमा कार्यालयातल्या तपासनीस बाईंनी ही नोंद रद्द करायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा वजन व्हायचं, तेही आज पाचच्या आत. पाचला महिना बंद होतो. त्यांना वेळ नसला तर रकाना रिकामा. मग बसा पुन्हा सहा महिने."

काटेताई बाकावर बसली. बाक कुरकुरला. समोर घड्याळात सव्वाअकरा झाले होते. गप्प बसणं किती सोपं होतं! उठायचं, घरी जायचं, आठ किलोंचं कौतुक करून घ्यायचं. आणि बोलावं तर हातात आलेलं सगळं जाणार, कदाचित तिचा श्वाससुद्धा. तिला खरंच भीती वाटली, आणि त्या भीतीची लाज वाटली नाही.

"ऑपरेशनला भूल देतात ती वजन बघून देतात ना?" तिने विचारलं.

"हो... पण तेव्हा पुन्हा करतील वजन."

"करतील. पण माझ्या काट्यावरून खोटा आकडा बाहेर गेला नाही, सिस्टर, आजपर्यंत. तो माझ्याच नावावर जायला नको. बोलवा त्यांना."

सिस्टरने कपाळाला हात लावला. मग फोन उचलला.

तपासनीस बाई साडेचारला गोदामात आल्या. चष्मा नाकावर, फाइल काखेत, आणि चेहरा असा की आजूबाजूच्या गठ्ठ्यांनीही सरळ बसावं. आल्या आल्या म्हणाल्या, "जुनी नोंद रद्द केली आहे. आता हातची पावती चालणार नाही. तिनेच घोळ झालाय. काट्याला छापणारं यंत्र आहे का?"

होतं. कच्चा आकडा छापतं म्हणून ते कित्येक वर्षं फडक्याखाली झाकलेलं होतं. मुकादमाने फडकं काढलं, धूळ झटकली, कागदाची गुंडाळी बसवली. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. काय झालं ते त्याला दुपारीच कळलं होतं.

"ताई, माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे नाही. शिकवणारी मी," ती म्हणाली. "चला."

या वेळी सुट्टी नव्हती. दहा-बारा हमाल होते, बाहेर ट्रक उभा होता, कोपऱ्यात गठ्ठे दाबायचं मशीन धडधडत होतं. बाहेर जा असं ती कोणाला म्हणाली नाही. वेळच नव्हता. ती चौथऱ्यावर चढली, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती डब्याकडे तोंड करून उभी राहिली.

एकशे अडुसष्ट.

लाल, स्पष्ट. ती बघत राहिली. इतकी वर्षं जो आकडा आपल्याला खाऊन टाकेल असं वाटत होतं, तो इतर आकड्यांसारखाच एक आकडा होता.

मागे कोणी हसलं नाही. मुकादम पुढे आला, चौथऱ्याच्या कडेला उभा राहिला.

"काल मी हा बघितला, ताई, आणि मला बोलवेना. मी चाळीस वर्षं हमाली केली. माझ्या भरात मी शंभर किलो उचलत होतो. लोक लांबून बघायला यायचे. शंभर किलो घेऊन ट्रकापासून इथपर्यंत चाळीस पावलं, आणि धप्पकन खाली. मग तासभर टेकून बसायचो." त्याने आकड्याकडे बोट दाखवलं. "बाकीच्या बायकांपेक्षा तुझ्या पाठीवर शंभर नाही तरी शंभराच्या जवळ जास्तीचं आहे. ते घेऊन तू उठतेस, जिने चढतेस, स्वयंपाक करतेस, इथे येऊन आमच्या चुका काढतेस. कधी खाली ठेवलंस?"

काटेताईने मान हलवली. नाही.

"एकदाही नाही," मुकादम हमालांकडे वळून म्हणाला, आणि त्या सगळ्यांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं तशा नजरेने तिच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. ओझं म्हणजे काय ते अंगाने जाणणारी माणसं होती ती. कोणीतरी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. मुकादम पुन्हा तिच्याकडे वळला. "आणि आम्ही स्वतःला हमाल म्हणवतो. आता उतरव गं बाई. खूप झालं. उतरव."

काटेताईला रडू कोसळलं. गळा काढून नाही, पण सगळं अंग हलायला लागलं. एकोणीस वर्षं जिने कोणाला एक किलो इकडचा तिकडे करू दिला नाही, ती त्या चौथऱ्यावर हुंदके देत उभी राहिली.

डब्यातला आकडा नाचू लागला. एकशे सदुसष्ट, एकशे एकोणसत्तर, पुन्हा अडुसष्ट.

"आकडा स्थिर झाल्याशिवाय यंत्र छापत नाही," तपासनीस बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "पाचला दहा मिनिटं आहेत."

"ताईला राहू दे जरा," मुकादम म्हणाला. "आपण थांबू या. मशीन बंद कर रे!"

गठ्ठे दाबायचं मशीन थांबलं. चहाची सुट्टी आणि वीज जाणं सोडलं तर दिवसाढवळ्या ते कधी थांबलेलं कोणी पाहिलं नव्हतं. काचेच्या केबिनमधून मालक ओरडत बाहेर आला, "काय झालं? मशीन का..." मुकादमाने ओठांवर बोट ठेवलं. मालकाने काट्याकडे बघितलं, आणि जिथे होता तिथे उभा राहिला. एका हमालाने पळत जाऊन ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला लावलं, आणि परत येताना पाऊल वाजू नये म्हणून चपला हातात घेऊन आला. पंखा बंद झाला. कागदाचे कपटे उडायचे थांबले.

एवढी शांतता त्या गोदामाने कधी ऐकली नसेल. दहा-बारा दांडगी माणसं श्वास रोखून, हात बाजूला सोडून, पुतळ्यासारखी उभी, का, तर एका बाईला नीट श्वास घेता यावा. काटेताईने ते सगळं बघितलं. ती थक्क झाली. आपल्यासाठी एवढं जग थांबू शकतं हे तिला माहीत नव्हतं.

तिने डोळे पुसले. एक मोठा श्वास घेतला, सोडला. आणखी एक.

एकशे अडुसष्ट पूर्णांक चार. एकशे अडुसष्ट. एकशे अडुसष्ट पूर्णांक दोन. पूर्णांक दोन. पूर्णांक दोन.

यंत्र खरखरलं आणि कागदाची पट्टी बाहेर आली. तपासनीस बाईंनी ती फाडली, चष्मा वर केला आणि छापला होता तसाच्या तसा, काहीही न कापता, मोठ्याने वाचला. मुकादमाने खाली सही केली. बाईंनी पट्टीचा फोटो काढला, मोबाइलवर आकडा भरला, आणि थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"आकडा लागला," त्या म्हणाल्या. "सहा सलग. अर्ज आजच पुढे जाईल."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकादमाने हात पुढे केला. काटेताईने तो धरला, एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. ती खाली उतरून खुर्चीत बसेपर्यंत कोणीही मशीन सुरू केलं नाही.